दुखणं बदललंय का, एवढं विचारा : राज्यातल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
सर्व फॅमिली डॉक्टर,
खेड्यातले, तालुक्याच्या बाजारपेठेतले, शहरातल्या चाळींखालचे

सप्रेम नमस्कार.

मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली परिचारिका. एकतीस वर्षं नोकरी झाली. त्यातली बरीचशी ग्रामीण रुग्णालयात गेली आणि शेवटची आठ जिल्ह्याच्या ठिकाणी आयसीयूत. हे पत्र मी मोठ्या हॉस्पिटलातल्या हृदयरोगतज्ज्ञांना लिहीत नाही. त्यांच्यापर्यंत माणूस पोचतो तेव्हा पुष्कळदा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. त्याआधी आठ-पंधरा दिवस तो तुमच्याकडे येऊन गेलेला असतो. तुमच्या बाकावर नंबर लावून बसलेला असतो. "जरा छातीत धरल्यासारखं होतंय, गॅसची गोळी द्या," असं म्हणालेला असतो. हार्ट अटॅकच्या आधीच्या त्या आठ-पंधरा दिवसांबद्दल मला बोलायचं आहे.

माझ्या थोरल्या भावाला असे तेरा दिवस मिळाले होते.

दादा बावन्न वर्षांचा. ऊस, चार म्हशी, सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध. गोठ्यापासून डेअरीपर्यंत एक चढ आहे. दोन्ही हातांत किटल्या घेऊन तो रोज चढायचा. आदल्या दिवाळीपासून त्या चढावर मध्येच छातीत आवळायला लागलं होतं. किटल्या खाली ठेवायचा, दोन मिनिटं उभा राहायचा, की जायचं. कुणाला सांगितलं नव्हतं. वहिनीला एवढंच जाणवलं होतं की हल्ली दूध घालून यायला यांना उशीर होतो. तंबाखू होती. शुगर कधी तपासली नव्हती.

फेब्रुवारीत ऊसतोड आली. टोळी वावरात, ट्रॅक्टर बांधावर, कुणालाच उसंत नाही. त्या धामधुमीत एका पहाटे तीन वाजता दादा उठून बसला. छातीवर कुणी गुडघा रोवलाय असं वाटत होतं आणि कळ डाव्या जबड्यापर्यंत जात होती. अर्ध्या तासाने थांबलं. उजाडल्यावर तो मोटरसायकलवरून डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी ईसीजी काढला, हे मी मुद्दाम सांगते. ते निष्काळजी नव्हते. पट्टी नॉर्मल आली. बीपी ठीक होतं. पित्ताचं इंजेक्शन दिलं, त्याला बरं वाटलं, गोळ्या लिहून दिल्या.

दोन दिवसांनी आंघोळीच्या पाण्याची बादली उचलताना पुन्हा कळ आली. मग जेवून उठल्यावर. पाचव्या दिवशी तो परत दाखवायला गेला, पण तेव्हा दुखत नव्हतं. दुसरी पट्टी निघाली. मशीनने वरच्या कोपऱ्यात काही बारीकसे बदल छापले होते. पण समोरचा माणूस व्यवस्थित बोलतोय, दुखत नाही म्हणतोय, म्हणून पित्ताच्या गोळ्या वाढवून मिळाल्या आणि "तोड उरकली की एकदा तालुक्याला दाखवा" असं सांगण्यात आलं.

त्या रविवारी त्याने मला फोन केला. मी दोनशे किलोमीटरवर, नुकतीच ड्युटीवरून आलेली. मी विचारलं, "ईसीजी काढला का?" तो म्हणाला, "दोनदा काढला. नॉर्मल आहे." मला हायसं वाटलं. डॉक्टरसाहेब, मी आयसीयूतली नर्स. रोज ज्यांच्या उशाशी उभी राहायचे त्यांच्या नातेवाइकांकडून हीच कहाणी ऐकायचे. तरी सख्ख्या भावाला मी तो एकच प्रश्न विचारला. कधी दुखतं, किती वेळ राहतं, आधी चढावर यायचं ते आता बसल्याजागी येतंय का, यातलं काही विचारलं नाही. ते विचारलं असतं तर त्याच रात्री त्याला गाडीत घालायला लावलं असतं.

तेराव्या दिवशी पहाटे तो गोठ्यात खाली बसला. ग्रामीण रुग्णालयात तिसरी पट्टी निघाली. ती शिकाऊ नर्सलाही वाचता आली असती. पुढे नेताना घाटात तो गेला.

या अवस्थेला अनस्टेबल अंजायना म्हणतात, अस्थिर हृदयशूळ. तुम्हाला नाव नवं नाही, तुम्ही ते परीक्षेत लिहिलेलं आहे. पण हे पत्र पेशंटच्या घरचेही वाचतील, म्हणून आत काय घडतं ते माझ्या भाषेत सांगते.

चढावर येणारी आणि थांबलं की जाणारी कळ हा स्थिर प्रकार. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत चरबीचा थर वर्षानुवर्षं साचत आलेला असतो. बसल्याजागी पुरेल एवढं रक्त जातं, चढावर पुरत नाही. ठिबकच्या नळीत क्षार धरले की शेवटच्या झाडांना पाणी कमी पडतं, तसं. इथवर ही उपमा चालते. पुढे तीच आपल्याला फसवते, कारण मग वाटतं की नळी हळूहळू बुजत जाते आणि पूर्ण बुजली की झटका येतो. बहुतेक वेळा तसं होत नाही. तो थर क्षारासारखा निर्जीव नसतो. आत मऊ चरबी आणि सूज, वर पातळ पापुद्रा, पिकायला आलेल्या गळवासारखा. एक दिवस तो पापुद्रा फाटतो किंवा खरवडला जातो. शरीराला वाटतं जखम झाली. रक्तातल्या प्लेटलेट धावत येतात आणि तिथे गुठळी धरू लागते. ही गुठळी कधी वाढते, कधी अर्धी विरघळते, तिचे बारीक तुकडे पुढे वाहून जातात, पुन्हा धरते. वाढली की झोपेतही कळ येते. विरघळली की माणूस म्हणतो, "आता बरंय, उगाच घाबरलो." आणि तिने रोहिणी पूर्ण बंद केली, बंदच ठेवली, की स्नायू मरायला लागतो. तो हार्ट अटॅक.

दादाची दिवाळीपासूनची कळ आणि पहाटे तीनची कळ नाव-गाव एकच असलेली दोन वेगळी दुखणी होती. पहिल्यात रोहिणी अरुंद होती. दुसऱ्यात तिच्यातला थर फाटला होता.

यातून एक गोष्ट निघते, जी आमच्या वॉर्डात नातेवाइकांना समजावून सांगणं फार जड जायचं. "अहो, महिन्यापूर्वीच ट्रेडमिल टेस्ट केली होती, पास झाले होते!" खरं असतं ते. फाटणारा थर पुष्कळदा असा असतो की आदल्या दिवसापर्यंत त्याने रोहिणी फारशी अडवलेलीच नसते. ट्रेडमिलला अरुंदपणा कळतो, उद्या काय फाटणार ते कळत नाही. म्हणून जुना पासचा कागद आजच्या कळेवर उत्तर होऊ शकत नाही. आणि ज्याला गेल्या दोन-चार दिवसांत बसल्याजागी कळ येऊन गेली आहे, त्याला कृपा करून "एकदा स्ट्रेस टेस्ट करून टाकू" म्हणून ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चढवू नका. मी एकदा असा माणूस पट्ट्यावरून थेट आमच्याकडे आलेला पाहिला आहे.

अस्थिर म्हणायचं कशाला? तीन रूपं सांगतात. कळ विश्रांतीत येते आणि वीस-वीस मिनिटं राहते. किंवा गेल्या दोन महिन्यांत नव्याने सुरू झाली आणि जिना चढण्यासारख्या साध्या कामालाही येते. किंवा जुनी ओळखीची कळ आता जास्त वेळा, कमी श्रमाला, जास्त वेळ येऊ लागली आहे. तिन्हींत समान धागा एकच, दुखण्याने आपला स्वभाव बदलला. हे कळायला यंत्र लागत नाही.

खरोखरच लागत नाही. १७६८ साली लंडनमध्ये विल्यम हेबर्डेन या डॉक्टरने या दुखण्याचं पहिलं नीट वर्णन आपल्या सहकाऱ्यांपुढे वाचलं. अंजायना पेक्टोरिस हे नाव त्याचंच. गळा आवळल्याच्या भावनेवरून दिलेलं. चालताना, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर, ही कळ येते आणि थांबताच जाते, हे त्याने लिहिलं. आणि पुढे हेही लिहिलं की काही महिन्यांनी ती थांबल्यावर लगेच जाईनाशी होते, पडल्या पडल्याही येऊ लागते, आणि अशी माणसं पुढे एकाएकी कोसळतात. ईसीजीचं मशीन यायला अजून सव्वाशेहून जास्त वर्षं होती. रोहिणीत गुठळी होते हे कुणाला ठाऊक नव्हतं. त्या माणसाने फक्त पेशंटला नीट विचारलं आणि त्याचं म्हणणं लिहून ठेवलं. दादाचे तेरा दिवस त्या जुन्या कागदात जसेच्या तसे सापडतात. ते वर्णन पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नव्हती.

आता ईसीजीबद्दल. त्या पट्टीवर माझा राग नाही. छातीत दुखतंय म्हणून कुणी आला तर पहिल्या दहा मिनिटांत ती निघालीच पाहिजे, हे जगभर मान्य आहे. पण ती पट्टी म्हणजे चित्रीकरण नव्हे, तो दहा सेकंदांचा फोटो आहे. गुठळी विरघळलेली असताना काढला तर फोटो चांगलाच येणार. कळ चालू असून पट्टी नॉर्मल असेल तर पेशंटला बाकावर बसवून ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढा. कळ पुन्हा आली, पुन्हा काढा. दोन पट्ट्या शेजारी ठेवून बघा.

दादाच्या तिन्ही पट्ट्या नंतर माझ्या हाती आल्या. पहिली स्वच्छ. दुसरीत छातीवरच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या रेषेत (लीडमध्ये) टी-लहर, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतरचा छोटा उंचवटा, उलटी झालेली होती. पहिलीत ती सरळ होती. कळ नसताना दिसणारी ही उलटी टी-लहर म्हणजे डाव्या बाजूच्या मुख्य उतरत्या रोहिणीत सुरुवातीलाच गंभीर अडथळा असल्याची खूण, हे १९८२ साली नेदरलँड्समधल्या हाइन वेलेन्स यांच्या गटाने दाखवून दिलं आणि तेव्हापासून ती खूण त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिची अडचण हीच की ती पेशंटला बरं वाटत असताना दिसते. त्याला बरं वाटतंय म्हणून आपण सैल पडतो, आणि तेवढ्यात कागद ओरडत असतो. पहिली पट्टी घरी उशीखाली, दुसरी दवाखान्याच्या फाइलमध्ये. दोन्ही एका टेबलावर कधी आल्याच नाहीत.

आणखी एक बारीक गोष्ट, पण मला महत्त्वाची वाटते. तो ईसीजीचा कागद उष्णतेवर छापणारा असतो. वर्षा-दोन वर्षांत उडतो, प्लॅस्टिकच्या पाकिटात तर लवकरच. तुम्ही काढलेल्या प्रत्येक पट्टीची झेरॉक्स किंवा मोबाइलवर फोटो पेशंटकडे राहू द्या. पुढच्या डॉक्टरला "आधी कशी होती" हे दिसलं की निम्मं काम होतं.

ट्रोपोनिनचंही तसंच. हृदयाचा स्नायू मरू लागला की हे प्रथिन रक्तात उतरतं. अनस्टेबल अंजायना आणि छोटा हार्ट अटॅक यांत फरक करायचा तो यावरून. ट्रोपोनिन वाढलं तर अटॅक, नाही वाढलं तर अजून स्नायू वाचलेला आहे. पण ते वाढायला वेळ लागतो. कळ सुरू होऊन तासाभरात तपासणीच्या कार्डवर एकच रेघ (म्हणजे निगेटिव्ह) आली म्हणून निर्धास्त होता येत नाही, काही तासांनी पुन्हा बघावं लागतं. आणि दोन्ही वेळा निगेटिव्ह आलं तरी "काही नाही" असा अर्थ होत नाही. स्नायू मेलेला नाही एवढंच कळतं. रोहिणीत फाटलेलं फाटलेलंच असतं. त्यालाच तर अनस्टेबल अंजायना म्हणायचं. निगेटिव्ह ट्रोपोनिनला आपण संधी म्हणून बघायला हवं, आणि आपण त्याला सुट्टीचा कागद समजतो.

पित्ताच्या औषधाने बरं वाटलं, हाही पुरावा धरू नका. ती कळ तशीही वीस-पंचवीस मिनिटांत ओसरणारीच असते. इंजेक्शन देऊन, पैसे घेऊन, चिठ्ठी लिहून होईपर्यंत तेवढा वेळ गेलेला असतो. श्रेय इंजेक्शनला मिळतं. उलट सॉर्बिट्रेट ही रोहिण्या सैल करणारी गोळी जिभेखाली ठेवल्यावर थांबलं म्हणजे हृदयाचंच, असंही नाही. अन्ननलिकेची कळही त्याने थांबते.

पेशंटचं बोलणं ऐकताना मला काही गोष्टी उपयोगी पडल्या. हृदयाचं दुखणं असलेला माणूस एका बोटाने जागा दाखवत नाही, मूठ आवळून छातीवर ठेवतो किंवा अख्खा तळवा फिरवतो. "दुखतंय का?" विचारलं तर पुष्कळजण "नाही" म्हणतात, आणि खरंच सांगत असतात. कारण त्यांच्या लेखी ते दुखणं नसतं. ते आवळणं असतं, भरून येणं असतं, धोंडा ठेवल्यासारखं असतं, जळजळ असते. म्हणून "छातीत काही होतं का?" असं विचारावं. बायकांना, म्हाताऱ्यांना आणि मधुमेहाच्या पेशंटना तर छातीत काही होतच नाही कधीकधी. दम लागतो, दरदरून घाम फुटतो, गळून गेल्यासारखं होतं, दाढ किंवा पाठ दुखते. आमच्याकडे एक आजी आल्या होत्या, चार दिवस "अशक्तपणा" म्हणून सलाईन घेत होत्या. घरच्या बायकांचं दुखणं तसंही शेवटी बघितलं जातं. त्यात रक्त कमी असलं तर हृदयावरचा ताण आणखी वाढतो, तेवढंही निमित्त पुरतं.

"बावन्न म्हणजे काही वय नाही," असं दादाच्या दहाव्याला कितीजण म्हणाले. आपल्याकडे ते वय आहे. ५२ देशांतल्या पेशंटच्या इंटरहार्ट या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांच्या पहिल्या झटक्याचं मधलं वय ५३ निघालं, इतर देशांत ते ५९ च्या आसपास होतं. तरुण दिसतोय, कष्टाचं शरीर आहे, म्हणून हृदयाचं नसेल, हा अंदाज आपल्या मातीत चालत नाही.

आता उपाय. इथे मला तुम्हाला शिकवायचं नाही, तुमच्या हातात किती आहे याची आठवण द्यायची आहे. १९८३ साली अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी अनस्टेबल अंजायना असलेल्या १२६६ पुरुषांवर केलेला अभ्यास छापून आला. निम्म्यांना रोज ॲस्पिरिन, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. बारा आठवड्यांत ॲस्पिरिन न मिळालेल्या शंभरांमागे दहाजणांचा मृत्यू झाला किंवा त्यांना अटॅक आला. ॲस्पिरिनवाल्यांत पाचांचा. डॉक्टरसाहेब, निम्म्यावर! कुठलं कॅथलॅब (ॲन्जिओग्राफीची खोली) नाही, स्टेंट (रोहिणीत टाकायची जाळी) नाही. काही रुपयांची गोळी, जी तुमच्या ड्रॉवरमध्ये आत्ता या क्षणी पडलेली आहे. गुठळी प्लेटलेटची असते आणि ॲस्पिरिन प्लेटलेटला धरते, इतकं ते सरळ आहे.

संशय आला की ॲलर्जी नाही, पोटातून रक्त जात नाही एवढं विचारून ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून खायला लावा, गिळायला नको. सॉर्बिट्रेट द्यायची तर बीपी बघून, बसवून द्या, आणि लैंगिक ताकदीची गोळी गेल्या दोन दिवसांत घेतली आहे का हे खोलीत इतर कुणी नसताना विचारा, नाहीतर बीपी धाडकन पडतं. आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन या अवस्थेत कामाचं नाही, ते पट्टीत एसटी नावाची रेघ वर चढलेल्या, म्हणजे रोहिणी पूर्ण बंद झालेल्या अटॅकसाठी. हे लिहिते कारण नातेवाईक "तेवढं महागाचं इंजेक्शन मारूनच पाठवा" म्हणून तुमच्या मागे लागतात.

मग त्याला स्वतःच्या मोटरसायकलवर पाठवू नका. दादा दोन्ही वेळा स्वतः गाडी चालवत आला आणि गेला. १०८ ला फोन करा. ती गाडी २०१४ पासून राज्यभर धावते आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. आणि चिठ्ठीवर स्पष्ट लिहा, "अनस्टेबल अंजायनाचा संशय, दुखण्यात बदल, विश्रांतीत कळ." नुसतं "छातीत दुखणे, पित्त?" लिहिलं की पुढच्या कॅज्युअल्टीतही तो रांगेत मागे जातो. तुमच्या चिठ्ठीतला शब्द आमच्या टेबलावर किती वजनदार असतो, हे तुम्हाला तिथे उभं राहिल्याशिवाय कळणार नाही.

तुमची अडचण मला कळते. दिवसाला साठ-सत्तर पेशंट. त्यातले दहाजण छातीत जळजळ म्हणतात आणि त्यातल्या नऊजणांना खरंच पित्त असतं. प्रत्येकाला तालुक्याला पाठवलं तर लोक म्हणतील डॉक्टरला काही येत नाही, नाहीतर म्हणतील कट घेतो. हा शेवटचा आरोप जास्त जिव्हारी लागतो, आणि त्यात प्रामाणिक डॉक्टरही भरडले जातात. गावात पक्की समजूत आहे की ॲन्जिओग्राफीला नेलं की स्टेंट टाकणारच. या समजुतीला मी अडाणीपणा म्हणणार नाही. २०१७ मध्ये सरकारला स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घालावी लागली ती काही उगाच नाही. आणि स्थिर अंजायनात सरसकट स्टेंट टाकून आयुष्य वाढतं असं नाही, हे ५१७९ पेशंटच्या इस्केमिया अभ्यासात दिसलंच आहे, तिथे चांगल्या औषधांनीही तेवढंच साधलं. म्हणजे शंका घेणाऱ्या शेतकऱ्याचं अगदीच चूक नाही. पण तो अभ्यास स्थिर कळेचा होता. अस्थिर कळ असलेल्यांना त्यात घेतलेलंच नव्हतं. लोकांनी एका दुखण्याबद्दल ऐकलेली खरी गोष्ट दुसऱ्या दुखण्याला लावली, आणि हा फरक त्यांना समजावून सांगेल असा माणूस तुमच्याशिवाय दुसरा नाही. तुमच्यावर त्यांचा विश्वास आहे. तुम्ही त्यांच्या बापाला औषध दिलेलं असतं. पैशांचा प्रश्न निघाला तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हृदयाचे उपचार बसतात, रेशनकार्ड आणि आधार बरोबर न्या, एवढं एक वाक्य सांगा. वहिनी मला नंतर म्हणाली, "ताई, ते खर्चाला भ्यायले होते. तोडीचे पैसे आले की जाऊ म्हणत होते." योजनेचं नाव त्या घरात कुणी उच्चारलंच नव्हतं. मीही नाही.

आपल्या देशातल्या वीस हजारांवर पेशंटची क्रिएट नावाची नोंद २००८ साली प्रसिद्ध झाली. लक्षणं सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला निम्म्या लोकांना सहा तास किंवा जास्त लागले होते. अटॅक आल्यावरचे हे सहा तास कमी करायला रस्ते, गाड्या, कॅथलॅब, पैसा, सगळं लागतं. ते सरकारकडे मागत राहूच. पण अटॅकच्या आधीचे जे दिवस वाया जातात, ते वाचवायला यातलं काहीच लागत नाही. दादाला घाटात उशीर झाला असं सगळे म्हणतात. घाटात तासच गेला. उशीर आधीचे तेरा दिवस चालला होता.

छोट्या ठिकाणच्या डॉक्टराने काय होणार, असं म्हणू नका. महाड तालुक्यात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावसकर विंचू चावलेल्यांच्या उशाशी रात्र-रात्र बसले. ही माणसं हृदयावर आघात होऊन, फुप्फुसात पाणी भरून जातात हे त्यांनी पाहिलं, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीने कोकणातली किती घरं वाचली. तेही छोट्याच ठिकाणी बसून, पेशंटकडे बघत राहून झालं.

माझं मागणं मोठं नाही. छातीत, जबड्यात, खांद्यात, पोटाच्या वरच्या भागात काहीही होतंय म्हणून कुणी आलं, की ईसीजीची तार लावायच्या आधी तीन गोष्टी विचारा : कशाने येतं, किती वेळ राहतं, आणि महिन्यापूर्वीपेक्षा काही बदललंय का. तिसऱ्याचं उत्तर "हो" आलं, तर पट्टी कशीही असो, तो माणूस त्या दिवशी घरी जाता कामा नये. तो "तोड उरकू द्या", "मुलीचं लग्न होऊ द्या", "आषाढीची वारी करून येतो" म्हणेल. म्हणणारच. त्याला रागावा. घरच्यांना आत बोलावून त्याच्यासमोर सांगा. दादाला तेव्हा कुणी रागावायला हवं होतं.

पंधराव्या दिवशी मी त्या डॉक्टरांना भेटायला गेले होते. भांडायला म्हणून गेले, पण भांडले नाही. मी दोन पट्ट्या त्यांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. ते बराच वेळ बघत राहिले. मग उठून त्यांनी दवाखान्याचं दार लोटून घेतलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

त्या तिन्ही पट्ट्या माझ्याकडे आहेत. मूळ कागद आता फिके पडलेत, पण झेरॉक्स ठसठशीत आहेत. नाव खोडलेलं आहे. तुमच्या तालुक्याच्या डॉक्टरांच्या बैठकीत, आशाताईंच्या प्रशिक्षणात, नर्सिंगच्या वर्गात, कुठेही त्या दाखवायच्या असतील तर सांगा. मी स्वतः घेऊन येईन. गाडीभाडं नको.

आपली,
एक निवृत्त परिचारिका